सौंदर्यस्पर्धेचा मुकुट आणि परंपरेचा कैवार

सौंदर्यस्पर्धेच्या मंचावर झळकलेली तरुणी पुढे राजकारणात उतरते आणि तेथे कुटुंब, धर्म, विवाह व परंपरा यांचा कैवार घेऊन उभी राहते, याचे अनेकांना नवल वाटते. ज्या स्पर्धांना परंपरावादी मंडळी उथळ व पाश्चात्त्य म्हणून नावे ठेवतात, त्याच स्पर्धांतून त्यांना आपले प्रवक्ते कसे मिळतात? शिवाय अशी एखादी व्यक्ती आपल्या श्रद्धेशी जुळणारे काही बोलू लागली, तर ख्रिस्ती भाविकांनी तिच्यामागे उभे राहावे काय? या दोन प्रश्नांचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

हा विषय दूरच्या देशाचा आहे असे आर्वी परिसरातील आमच्या बंधुभगिनींना वाटण्याचे कारण नाही. वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो. तेथून २०१९ साली लोकसभेवर निवडून आलेल्या श्रीमती नवनीत राणा या चित्रपटसृष्टीतून राजकारणात आलेल्या आहेत. एप्रिल २०२२ मध्ये ‘मातोश्री’समोर हनुमान चालिसा म्हणण्याच्या घोषणेवरून त्यांना अटक झाली आणि पाहता पाहता त्या हिंदुत्ववादी राजकारणाचा परिचित चेहरा झाल्या. २०२४ साली त्या भारतीय जनता पक्षाच्या उमेदवार म्हणून उभ्या राहिल्या व पराभूत झाल्या. त्या सौंदर्यस्पर्धेतून आलेल्या नाहीत, परंतु रुपेरी पडद्यावरचा चेहरा परंपरेच्या बाजूने उभा राहिला की त्याला किती चटकन प्रसिद्धी लाभते, हे आपण शेजारीच पाहिले आहे.

सौंदर्यस्पर्धेशी थेट संबंध असलेले आपल्याकडील ठळक उदाहरण म्हणजे श्रीमती स्मृती इराणी. १९९८ सालच्या मिस इंडिया स्पर्धेत त्यांनी अंतिम फेरी गाठली होती. मुकुट त्यांच्या वाट्याला आला नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे, कारण पुष्कळदा त्यांचा उल्लेख ‘माजी मिस इंडिया’ असा चुकीने केला जातो. दिल्लीत होली चाइल्ड ऑक्झिलियम या धर्मभगिनींच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले. मुंबईत आल्यावर आरंभी वांद्र्याच्या एका उपाहारगृहात साफसफाईचे काम केल्याचे त्यांनीच अनेकदा सांगितले आहे. हे कष्ट कोणीही नाकारू नयेत. त्यानंतर ३ जुलै २००० रोजी ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ ही मालिका सुरू झाली आणि तुलसी विराणी हे नाव घरोघरी पोहोचले.

आमच्या मते खरी किल्ली या मालिकेत आहे. सौंदर्यस्पर्धा तरुणीला ओळख देते. पण त्या ओळखीला मतांचे मोल येण्यासाठी ती ओळख ‘घरातली’ व्हावी लागते. तुलसी ही सोशिक, धर्मभीरू, एकत्र कुटुंब सांभाळणारी सून होती. रात्री साडेदहा वाजता विदर्भातल्या खेड्यातसुद्धा लोक दूरचित्रवाणीसमोर बसून तिच्या सुखदुःखात सहभागी होत. पोहण्याच्या पोशाखात मंचावर चालणाऱ्या तरुणीबद्दल ज्या सासूबाईंनी नाक मुरडले असते, त्यांनीच तुलसीला आपली मानले. २००३ साली श्रीमती इराणी यांनी भारतीय जनता पक्षात प्रवेश केला, पुढच्या वर्षी त्या पक्षाच्या महाराष्ट्र युवा शाखेच्या उपाध्यक्षा झाल्या आणि त्याच वर्षी दिल्लीच्या चांदनी चौकातून लोकसभेची निवडणूक लढवून हरल्या. २०१० साली त्या पक्षाच्या महिला मोर्चाच्या राष्ट्रीय अध्यक्षा झाल्या, २०११ साली राज्यसभेवर गेल्या. २०१४ साली अमेठीत पराभव होऊनही त्यांना केंद्रात मनुष्यबळ विकास खाते मिळाले. २०१९ साली त्याच अमेठीत त्यांनी राहुल गांधी यांचा सुमारे ५५ हजार मतांनी पराभव केला. आणि २०२४ साली तेथेच किशोरीलाल शर्मा यांच्याकडून त्या दीड लाखांहून अधिक मतांनी पराभूत झाल्या. लोकप्रिय चेहऱ्याचे भांडवल किती काळ पुरते, याचा हिशेब ज्याने त्याने मांडावा.

या सर्व काळात त्यांची मते कोणती होती? मंत्री म्हणून त्यांनी काही गोष्टी अशा केल्या की ज्यांना केवळ परंपरावादी म्हणता येणार नाही. मुलींचे विवाहाचे किमान वय २१ करण्याचे विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये त्यांनीच लोकसभेत मांडले. ते पुढे मंजूर न होता लोकसभेच्या मुदतीबरोबर रद्द झाले. दुसऱ्या बाजूला, शबरीमला मंदिरात सर्व वयाच्या स्त्रियांना प्रवेश देणाऱ्या न्यायालयीन निर्णयानंतर ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबईत बोलताना त्यांनी प्रार्थनेचा अधिकार आणि पावित्र्यभंगाचा अधिकार यांत भेद केला, व त्यावर मोठा वाद झाला. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यसभेत त्यांनी मासिक पाळीच्या पगारी रजेला विरोध दर्शविला. या मतांशी सहमत असलेल्या ख्रिस्ती स्त्रियाही आम्हांस ठाऊक आहेत आणि असहमत असलेल्याही.

ख्रिस्ती समाजाशी त्यांचा संबंध दोन प्रसंगी विशेष आला. २०१४ साली २५ डिसेंबर हा दिवस ‘सुशासन दिन’ म्हणून पाळण्याचे ठरले आणि नाताळच्या दिवशी शाळांमध्ये निबंधस्पर्धा घेण्याच्या परिपत्रकावरून देशभर खळबळ उडाली. शाळा बंदच राहतील व स्पर्धा ऐच्छिक आहे, असा खुलासा त्या खात्याच्या मंत्री म्हणून श्रीमती इराणी यांनाच करावा लागला. पुढे जुलै २०२२ ते जून २०२४ या काळात अल्पसंख्याक व्यवहार खाते त्यांच्याकडे होते. कॉन्व्हेंट शाळेत शिकलेली मंत्री म्हणून आपल्या लोकांनी त्यांच्याकडून आपुलकीची अपेक्षा केली, हे स्वाभाविक होते. मात्र शाळेच्या ऋणावरून राजकीय भूमिका ठरत नसते. आपल्या धर्मभगिनींनी शिकविलेल्या विद्यार्थिनी आज सर्वच पक्षांत आहेत, आणि तसेच असावे.

येथे आणखी एक विसंगती नोंदविण्यासारखी आहे. नोव्हेंबर १९९६ मध्ये बंगलोर येथे मिस वर्ल्ड स्पर्धा भरली, तेव्हा भारतीय संस्कृतीच्या नावाने परंपरावादी संघटना आणि स्त्रीच्या देहाच्या बाजारीकरणाविरुद्ध डाव्या महिला संघटना, अशा दोन्ही बाजूंनी निदर्शने झाली. मदुराई येथे एका तरुणाने स्वतःला जाळून घेतले. पोहण्याच्या पोशाखाची फेरी भारताबाहेर सेशेल्स बेटांवर हलवावी लागली. त्यानंतर दहा वर्षांच्या आतच परंपरावादी राजकारणाने मिस इंडियाच्या मंचावरून आलेल्या तरुणीला आनंदाने आपल्या व्यासपीठावर बसविले. हा ढोंगीपणा आहे असे म्हणणे सोपे आहे, पण आम्हांस यात निराळेच काही दिसते. दोन्ही ठिकाणी स्त्रीकडे ‘राष्ट्राचे प्रतीक’ म्हणून पाहिले जाते. मंचावर ती देशाचे सौंदर्य मिरविते, व्यासपीठावर देशाची संस्कृती. प्रतीक होण्याची सवय लागलेल्या व्यक्तीस एका मंचावरून दुसऱ्यावर जाणे फारसे अवघड जात नसावे.

चित्रपट दिग्दर्शिका निशा पहुजा यांच्या ‘द वर्ल्ड बिफोर हर’ या २०१२ सालच्या माहितीपटात ही दोन जगे शेजारी शेजारी ठेवलेली आहेत. एकीकडे मुंबईतील मिस इंडिया स्पर्धेची तयारी, दुसरीकडे तेव्हाच्या औरंगाबाद येथील दुर्गावाहिनीचे मुलींसाठीचे शिबिर. याच माहितीपटात पुण्याच्या पूजा चोप्रा यांची कथा येते. २००९ साली त्या मिस इंडिया वर्ल्ड झाल्या. त्या जन्मल्या तेव्हा दुसरीही मुलगीच झाली म्हणून पित्याला ती नको होती. आई दोन्ही मुलींना घेऊन घराबाहेर पडली व तिने नोकरी करून त्यांना वाढविले. मुकुट मिळाल्यावर पूजा यांनी मुलींच्या जगण्याच्या हक्काविषयी जाहीरपणे बोलण्यास आरंभ केला. त्या कोणत्या पक्षाच्या व्यासपीठावर गेल्या म्हणून त्यांचा उल्लेख आम्ही करीत नाही. जीवनाच्या बाजूने बोलणारी व्यक्ती स्वतःच मृत्यूच्या दारातून परत आलेली असली, म्हणजे तिच्या शब्दाला कसे वजन येते, ते येथे दिसते.

अमेरिकेकडे वळलो तर हा विषय अधिकच उघड्या स्वरूपात दिसतो. अनिटा ब्रायंट या १९५८ साली मिस ओक्लाहोमा झाल्या आणि मिस अमेरिका स्पर्धेत तिसऱ्या क्रमांकावर आल्या. उत्तम गायिका आणि फ्लोरिडाच्या संत्र्याच्या रसाच्या जाहिरातींतील हसरा चेहरा म्हणून त्या घरोघरी ठाऊक होत्या. आमच्या आर्वी-वरूडच्या संत्रा बागायतदारांना याचे कौतुक वाटावे! १९७७ साली फ्लोरिडातील डेड काउंटीने समलिंगी व्यक्तींना नोकरी व घर नाकारण्यास बंदी करणारा नियम केला. बाप्टिस्ट पंथाच्या ब्रायंट यांनी ‘आमची मुले वाचवा’ अशा घोषणेची मोहीम उभारली आणि ७ जून १९७७ रोजी सुमारे ६९ टक्के मतांनी तो नियम रद्द झाला. विजय मोठा होता. परंतु प्रचारात समलिंगी व्यक्तींना मुलांना बिघडविणारे असे रंगविले गेले आणि शेजारी राहणारी माणसे एका रात्रीत संशयित झाली. त्यांच्याविरुद्ध बहिष्काराची मोहीम निघाली, जाहिरातीचे काम १९८० साली गेले, त्याच वर्षी त्यांचा विवाहही मोडला. १९९८ साली डेड काउंटीने ते संरक्षण पुन्हा दिले. ब्रायंट यांचे १६ डिसेंबर २०२४ रोजी निधन झाले.

दुसरे उदाहरण कॅरी प्रेजीन यांचे. १९ एप्रिल २००९ रोजी मिस यूएसए स्पर्धेत मिस कॅलिफोर्निया म्हणून उभ्या असताना एका परीक्षकाने त्यांना समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता द्यावी काय, असे विचारले. विवाह स्त्री व पुरुष यांच्यातच असावा असे आपणांस शिकविले गेले आहे, या आशयाचे उत्तर त्यांनी दिले. त्या उपविजेत्या ठरल्या. प्रश्न विचारणाऱ्या परीक्षकाने नंतर त्यांच्याविषयी अत्यंत हीन भाषा वापरली. जूनमध्ये कराराचा भंग झाल्याच्या कारणावरून त्यांचे मिस कॅलिफोर्निया पद काढून घेतले गेले, दोन्ही बाजू न्यायालयात गेल्या व नोव्हेंबरमध्ये तडजोड झाली. दरम्यान परंपरावादी संघटनांनी त्यांना भाषणांसाठी बोलाविले, पुस्तक निघाले. २०२५ साली अध्यक्ष ट्रम्प यांनी त्यांना धार्मिक स्वातंत्र्याविषयीच्या आयोगावर नेमले. स्पर्धेच्या मंचावरील अर्ध्या मिनिटाच्या एका उत्तराने एका तरुणीचे सारे आयुष्य राजकारणाकडे वळविले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

या दोघींतील फरक ख्रिस्ती वाचकाने बारकाईने पाहावा. प्रेजीन यांनी विचारलेल्या प्रश्नाला आपल्या समजुतीप्रमाणे उत्तर दिले आणि त्याची किंमत मोजली. ब्रायंट यांनी दुसऱ्यांचे घर व नोकरी यांचे संरक्षण काढून घेण्यासाठी मोहीम चालविली. विवाह हा एक पुरुष व एक स्त्री यांचा संस्कार आहे, ही ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट आहे. त्याच वेळी कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाचा परिच्छेद २३५८ सांगतो की समलिंगी प्रवृत्तीच्या व्यक्तींचा आदराने, करुणेने व हळुवारपणे स्वीकार करावा आणि त्यांच्याशी अन्याय्य भेदभाव करू नये. आपल्या देशात डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ कायम ठेवले, तेव्हा मुंबईचे तत्कालीन कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी समलिंगी व्यक्तींना ख्रिस्तसभेने कधी गुन्हेगार मानलेले नाही, असे स्पष्ट केले होते. त्या कलमाचा तो भाग न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केला. जानेवारी २०२३ मध्ये परमपूज्य पोप फ्रान्सिस यांनीही समलिंगी असणे हा गुन्हा नव्हे, असे सांगितले. तेव्हा विवाहाविषयीची शिकवण जपताना शेजाऱ्याचे घर काढून घेण्याची गरज नाही. हे भान ब्रायंट यांच्या मोहिमेत नव्हते, असे आमचे मत आहे.

प्रत्येक मुकुटधारी स्त्री परंपरावादीच होते असेही नव्हे. १९७६ च्या मिस इंडिया नफीसा अली काँग्रेसच्या उमेदवार होत्या. आणि आपल्या समाजापुरते बोलायचे तर १९६६ साली लंडन येथे मिस वर्ल्ड झालेल्या डॉ. रीता फारिया यांची आठवण अवश्य व्हावी. मुंबईच्या या गोवन कॅथलिक कन्या तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकत होत्या. मुकुट मिळाल्यानंतर लगेचच, डिसेंबर १९६६ मध्ये, त्या बॉब होप यांच्या पथकासह व्हिएतनाममधील अमेरिकन सैनिकांच्या मनोरंजनासाठी गेल्या. भारताची भूमिका त्या युद्धाच्या विरोधात असल्याने मायदेशी मोठी नाराजी झाली. वर्ष संपल्यावर त्यांनी चित्रपट व जाहिराती बाजूला ठेवून वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले आणि पुढे आयर्लंडमध्ये संसार थाटला. मुकुटाला राजकारण चिकटतेच, मग तो घालणारी डॉक्टर होणार असो की मंत्री.

पवित्र शास्त्रात या विषयाचा एक संपूर्ण ग्रंथ आहे. एस्तेरच्या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात राजा अहश्वेरोश याच्यासाठी देशभरातून सुंदर कुमारिका गोळा केल्या जातात. सहा महिने गंधरसाचे तेल व सहा महिने सुगंधी द्रव्ये, अशी वर्षभराची तयारी होते आणि अखेरीस मुकुट एस्तेरच्या मस्तकी येतो. आजच्या स्पर्धांशी हे किती जुळते! पुढे हामान तिच्या लोकांच्या संहाराचा हुकूम काढतो, तेव्हा न बोलाविता राजासमोर जाणे म्हणजे मृत्यू ओढवून घेणे, हे ठाऊक असूनही ती जाते. कॅथलिक बायबलमध्ये समाविष्ट असलेल्या ग्रीक भागात तिची प्रार्थना आहे. तीत आपल्या डोक्यावरील राजचिन्हाचा आपल्याला तिटकारा आहे, असे ती देवाला सांगते. तिने आपल्या सौंदर्याने मिळविलेले स्थान स्वतःच्या सुरक्षिततेवर पाणी सोडून मरणाच्या दारी असलेल्यांसाठी वापरले. ग्रंथाचा शेवट शत्रूंच्या मोठ्या संहाराने होतो, हेही वाचकाने विसरू नये. धर्मग्रंथ आपल्यापासून काही लपवीत नाही.

आता आर्वीकडे येऊ. जानेवारी २०२२ मध्ये आर्वी येथील एका खासगी रुग्णालयाच्या आवारात, गोबर गॅसच्या खड्ड्यात, अर्भकांच्या कवट्या व हाडे सापडल्याची बातमी साऱ्या देशाने वाचली. एका अल्पवयीन मुलीच्या बेकायदा गर्भपाताच्या तक्रारीवरून तपास सुरू झाला होता. काही दिवस कॅमेरे आले, नेते बोलले, आणि मग बातमी ओसरली. गर्भातील जीवनाच्या रक्षणाविषयी संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ साली ‘इव्हँजेलियम व्हिटे’ हे परिपत्र लिहिले. त्यात त्यांनी दबावाखाली गर्भपात करणाऱ्या स्त्रियांच्या वेदनेचाही विचार केला आहे. आर्वीच्या घटनेत जे घडले ते एका मुलीवर लादलेल्या गोष्टीतून उघड झाले, हे ध्यानात घ्यावे. जीवनाच्या बाजूने बोलणाऱ्या उमेदवाराला तो वा ती त्या मुलीच्या बाजूनेही उभी आहे काय, हे विचारण्याचा आपणांस अधिकार आहे.

श्रद्धासिद्धांत मंडळाचे कॅथलिकांच्या राजकीय सहभागाविषयीचे एक टिपण २४ नोव्हेंबर २००२ या तारखेचे आहे. तेव्हा कार्डिनल रॅट्झिंगर मंडळाचे प्रमुख होते. जीवन, विवाह, धर्मस्वातंत्र्य यांविषयी तडजोड नको, असे ते ठामपणे सांगते. त्याचबरोबर सामाजिक शिकवणीचा एकच तुकडा बाजूला काढून तेवढ्यापुरते राजकारण केल्याने सार्वजनिक हिताची जबाबदारी पूर्ण होत नाही, हेही ते बजावते. भारतात तर आणखी एक प्रश्न उरतो. ‘परंपरा’ हा शब्द व्यासपीठावरून ऐकला की आपल्याला आपले कुटुंब, आपली रोझरी, आपले संस्कार आठवतात. बोलणाऱ्याच्या मनात मात्र वेगळी परंपरा असू शकते, आणि तीत आपल्या प्रार्थनाघराला जागा असेलच असे नाही. एखाद्या प्रश्नावर मत जुळले, तर त्या प्रश्नापुरते जुळले, असे समजून मतदान केंद्रावर जावे.

वर्धा जिल्ह्यात दारूबंदी टिकावी म्हणून पदर खोचून रस्त्यावर उतरलेल्या बायकांची नावे कोणत्याही मासिकाच्या मुखपृष्ठावर आली नाहीत. कुटुंबरक्षणाचे तेही राजकारणच आहे. महाराष्ट्रात २०११ पासून नगर परिषदा, पंचायत समित्या व ग्रामपंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत आणि त्यांवर उभ्या राहणाऱ्या बहुतेक स्त्रियांकडे ना मुकुट असतो ना मालिकेतील भूमिका. आपल्या धर्मग्रामातील भगिनींनी या जागांचा विचार जरूर करावा. धर्मगुरू मात्र निवडणुकीस उभे राहू शकत नाहीत. कॅनन कायद्याच्या २८५ व २८७ या कलमांनी त्यांना सत्तापदे व पक्षकार्य यांपासून दूर ठेवले आहे. म्हणून प्रचाराच्या दिवसांत, उमेदवार कितीही प्रसिद्ध असो वा कितीही आपल्या मनाजोगते बोलणारा असो, त्याला वेदीवरून बोलण्याची संधी दिली जात नाही. मिस्सा संपल्यावर देवळाबाहेरच्या अंगणात त्याची गाठ घ्यावी आणि आपले प्रश्न तेथे विचारावेत.